मायलोमा निघालाय, उपचाराआधी काय विचारावं?

प्रश्न: आईला (वय ६१) मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा, रक्ताचा कॅन्सर) निघालाय. कंबर फार दुखते, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.८, म्हणजे जास्त आहे. आशा धरावी का?

उत्तर १: नक्की धरा. बहुतेकदा मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षं आटोक्यात राहू शकतो. सहसा बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डेक्सामेथासोन या औषधांची ४ ते ६ सायकल (फेऱ्या), मग स्वतःच्याच स्टेम सेलचं (रक्त तयार करणाऱ्या पेशींचं) ट्रान्सप्लांट. लेनालिडोमाइड लांबलं की या पेशी कमी गोळा होतात, म्हणून ट्रान्सप्लांटचं आत्ताच बोला. क्रिएटिनिन पाहून लेनालिडोमाइडचा डोस ठरतो, तेही विचारा.

उत्तर २: कंबरेसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामकं अजिबात नको, किडनी आणखी बिघडते. हाडं जपणाऱ्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडआधी दात दाखवून घ्या. नंतर दात काढला तर जबड्याचं हाड मरू शकतं.

उत्तर ३: बोर्टेझोमिबसोबत नागीण टाळायला असायक्लोविर (विषाणूविरोधी औषध) लिहिलंय ना, पाहा. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मणक्यातला मज्जारज्जू दबलेला असू शकतो. त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.