कोलोनियाला निघतोय : ॲस्प एक्सप्लोररमध्ये पॉवर प्लांट किती मोठा घ्यावा?

नवा_वाटसरू

एलिट डेंजरस या अंतराळ-गेममध्ये पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघतोय, दूरच्या कोलोनिया वस्तीपर्यंत. ॲस्प एक्सप्लोरर हे जहाज घेतलंय, शस्त्रं एकही नाही. ५ए एफएसडी (ताऱ्या-ताऱ्यांत उडी मारणारा ड्राइव्ह; आकडा म्हणजे आकाराचा क्लास, अक्षर म्हणजे ए ते ई रेटिंग), ५डी थ्रस्टर, ताऱ्यातून इंधन भरणारा मोठा फ्युएल स्कूप, छोटी शील्ड, एएफएमयू (मॉड्यूल्स दुरुस्त करणारं यंत्र) आणि एसआरव्ही (ग्रहावर चालवायची गाडी) हँगर एवढं बसवलंय. आउटफिटिंगमध्ये सगळं चालू असताना ११.२ मेगावॅट लागतात असं दिसतं. जहाजाबरोबर आलेला ५ई प्लांट १३.६ देतो, म्हणजे आकड्यात बसतंय. पण ताऱ्याजवळ इंधन भरताना हीट फार चढते.

एक मित्र म्हणतो, सरळ ५ए टाक, मोठा प्लांट थंड राहतो. दुसऱ्याचं म्हणणं, वजन वाचव आणि ५डी घे. दोघांचंही पटतं, म्हणून अडलोय. कुठला घेऊ, आणि का?

ध्रुवमत्स्य

तुम्ही ३ए घ्या. तुमच्या जहाजाला, याच प्रवासासाठी, माझं हेच उत्तर आहे. आता कारण.

हीट ठरते ती प्लांटच्या आकारावर नाही, तर तुम्ही प्रत्यक्ष किती मेगावॅट वापरताय आणि प्लांटचं रेटिंग काय, यावर. ई रेटिंगचा हीट एफिशियन्सीचा आकडा १.००, डीचा ०.७५, सीचा ०.५०, बीचा ०.४५ आणि एचा ०.४०. जितका कमी तितका चांगला. ११.२ मेगावॅट वापरताना ५ई जेवढी उष्णता ओकतो, त्याच्या ४०% उष्णता कुठलाही ए प्लांट देतो. ३ए असो, ४ए असो, ५ए असो, या बाबतीत तिन्ही सारखे. ५ए तुम्हाला २०.४ मेगावॅट देऊ करेल, पण जे वापरलंच नाही त्याने जहाज अंशभरही थंड होत नाही. मित्राचा ए रेटिंगचा सल्ला बरोबर आहे, फक्त त्याचं श्रेय तो आकाराला देतोय.

वजनाचं बघा. ५ई २० टन, ५ए १० टन, ५डी ८ टन. ४ए ५ टन आणि ३ए अडीच टन. डी म्हणजे सगळ्यात हलका, हा नियम एकाच क्लासमध्ये खरा आहे, पण मोठ्या स्लॉटमध्ये छोटा प्लांट बसवायला गेम अडवत नाही, आणि तिथे हा नियम कोसळतो. ४ए १५.६ मेगावॅट देतो, ५डी १५.३. म्हणजे ४ए किंचित जास्त वीज देतो, तीन टन हलका आहे आणि हीट जवळजवळ निम्मी. अशा जहाजात ५डी घ्यायला मला एकही कारण सापडत नाही.

वजनाचा फायदा मात्र फुगवून सांगणार नाही. ५ए ऐवजी ३ए घेतला की साडेसात टन वाचतात, ॲस्पला उडीमागे साधारण एक प्रकाशवर्ष जास्त मिळतं. सोलपासून कोलोनिया २२,००० प्रकाशवर्षं. ४८ च्या जागी ४९ ची उडी धरली तर अख्ख्या वाटेत आठ-दहा उड्या वाचतील. चांगलंच आहे, पण प्रवास त्यावर अडत नाही. हीटवर अडतो. हीट १०० टक्क्यांच्या वर गेली की मॉड्यूल्स भाजायला लागतात, आणि एएफएमयू बाकी पुष्कळ काही दुरुस्त करतो, पण पॉवर प्लांट करत नाही. स्टेशनपासून हजारो प्रकाशवर्षं लांब असताना प्लांट खालावत जाणं फार जिवावर येतं. म्हणून एक्सप्लोररने ए रेटिंगवर तडजोड करू नये, आकारावर खुशाल करावी.

३ए चे १२.० मेगावॅट आणि तुमची गरज ११.२. ०.८ शिल्लक, पुरे.

वज्रमूठ

एक्सप्लोरेशनसाठी वरचं सगळं मान्य. पण कुणी लढाऊ जहाजासाठी हा धागा वाचत असेल तर हे तसंच्या तसं उचलू नका. छोट्या क्लासची इंटिग्रिटी कमी असते आणि समोरचा मुरलेला असेल तर तो नेमका प्लांटवरच नेम धरतो. माझ्या व्हल्चर या लढाऊ जहाजाला प्लांटसाठी ४ चाच स्लॉट आहे, दोन मोठी शस्त्रं, शील्ड आणि बूस्टर लावले की ४ए चे १५.६ सुद्धा तोकडे पडतात. तिथे प्लांट ओव्हरचार्ज्ड (जास्त वीज देणारा बदल) करावाच लागतो आणि हीट जास्त झाली तरी सोसावी लागते.

आणखी एक. शस्त्रं मध्येच थांबतात म्हणून लोक मोठा प्लांट घेतात. सतत गोळीबार करायला, बूस्ट मारायला लागतो तो साठा पॉवर डिस्ट्रिब्युटरचा. प्लांट कितीही मोठा केला तरी तो वाढणार नाही.

ध्रुवमत्स्य

डिस्ट्रिब्युटरचा मुद्दा अगदी योग्य, नव्या खेळाडूंचा तिथे हमखास गोंधळ होतो. लढाईत शिल्लक वीज हवीच, याबद्दलही दुमत नाही. तिथेही मॉड्यूल्सची वीज-प्रायॉरिटी आधी लावून बघा. फ्युएल स्कूप, कार्गो हॅच, इंटरडिक्टर ५ वर टाका. शस्त्रं बाहेर काढली आणि वीज कमी पडली की ५ वाले आधी बंद होतात, शस्त्रं आत घेतली की आपोआप परत येतात. एकट्या कार्गो हॅचचेच ०.६ मेगावॅट असतात.

नवा_वाटसरू

खूप आभार, आकारापेक्षा रेटिंग हे आता डोक्यात बसलं. दोन शंका. निघण्यापूर्वी फेलिसिटी फारसीअर या गेममधल्या इंजिनियरकडून (मॉड्यूल्स सुधारून देणारी) एफएसडीची रेंज वाढवून घेणार आहे, त्याने हे गणित बदलेल का? आणि प्लांटला लो एमिशन्स (हीट कमी करणारा बदल) करावं का? मग २ए पण चालेल का, असंही मनात आलं.

ध्रुवमत्स्य

एफएसडीची रेंज पाचव्या ग्रेडपर्यंत नेली की त्याची विजेची भूकही १५ टक्क्यांनी वाढते. ५ए मुळात ०.६० घेतो, तो ०.६९ वर जाईल. ३ए मध्ये आरामात मावतं.

लो एमिशन्सचं मात्र जपून. त्याने हीट उतरते, पण वीजही घटते, पाचव्या ग्रेडला १५ टक्के. १२.० चे १०.२ होतील आणि तुमचं जहाज त्यात बसणार नाही. ते करायचंच ठरलं तर ४ए घ्या, १५.६ मधून १३.२ च्या पुढे उरतात आणि जादा अडीच टनांचं काही वाटणार नाही. प्लांटच्या इंजिनियरिंगविना जायचं असेल तर ३ए. माझ्या मते पहिल्या प्रवासाला साधा ३ए छान आहे, प्लांट सुधारून देणारी इंजिनियर हेरा तानी, तिच्यापर्यंत पोचायची खटपट परत आल्यावर करा.

२ए देतो ९.६. एएफएमयू, हँगर आणि कार्गो हॅच बंद ठेवून उडता येतं, आणि दुरुस्तीच्या वेळी शील्ड बंद करून एएफएमयू चालू करता येतो. रेंजचा एकेक दशांश मोजणारे हेच करतात. पण वाचतात सव्वा टन, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी उजव्या पॅनेलमध्ये जाऊन चालू-बंद करत बसायचं. अनोळखी ग्रहावर जास्त गुरुत्वाकर्षणात उतरताना शील्ड बंद राहिली असेल तर जहाज जाईल आणि त्यासोबत आठवडाभराचा सगळा स्कॅन केलेला डेटाही. मी हे सुचवणार नाही.

आणि विकत घेण्याआधी ईडीएसवाय किंवा कोरियोलिस या जहाज-मांडणीच्या वेबसाइटवर अख्खं जहाज मांडून बघा. इंजिनियरिंग धरून विजेचा आणि उडीचा आकडा तिथेच कळतो.

नवा_वाटसरू

मांडलं. एफएसडी धरून ११.२९ येतंय, ३ए मध्ये सगळं चालू राहतंय. तोच बसवतो.