पैसा, वाणी की गोम? तुमच्याकडे बागेतल्या किड्यांना काय म्हणतात?

ओलीमाती:
काल संध्याकाळी कुंडी सरकवली तर खाली एक पैसा गुंडाळी करून बसलेला. लेक "आई, गोम!" म्हणून ओरडली आणि चप्पल घेऊन धावली. तिचा हात धरला आणि एकदम आजोळचं परसू डोळ्यांसमोर आलं. आजी असा किडा वाळक्या पानावर उचलून कुंपणापलीकडे सोडायची. "वाणी आहे गं, चावत नाही तो." लग्नानंतर कळलं की सासरी ह्यालाच पैसा म्हणतात, आणि शेजारच्या काकू सरसकट सगळ्यांना गोम. गोम म्हटलं की माणूस मारायलाच उठतो ना!

लेकीला बसवून पाय दाखवले. पैशाच्या बहुतेक वेढ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, चालताना कडेने लाट गेल्यासारखी दिसते. गोमेला प्रत्येक वेढ्याला एकच जोडी, अंग चपटं, पळते सुसाट, आणि चावते ती हीच. पैसा डिवचला तर रस सोडतो, हाताला डाग पडतो, तो हात डोळ्याला लावायचा नाही, एवढंच. पालापाचोळा खाऊन माती करणारा जीव, नुसत्या नावापायी मरतो. मला फार लागतं हे.

तुमच्याकडे काय म्हणतात? कुणाला चुकून मारलंय? लिहा.

कर्दळ:
आमच्याकडे वाणीच. पण सोयाबीन उगवताना कोवळे कोंब कुरतडतो, तेव्हा बाबांना त्याची अजिबात दया येत नाही. बागेत असू दे.

पागोळी:
घोण आणि घोणस!! मामेभावाचा रात्री फोन, "न्हाणीघरात घोण निघालीय." आईने ऐकलं घोणस. मामा काठी, टॉर्च आणि चार शेजारी घेऊन हजर. निघाली वीतभर गोम. त्या चार जणांना चहा करता करता मामीची रात्र गेली.

बांधावरून:
घोणस म्हणालात म्हणून लिहितो. २०२२ च्या पावसाळ्यात ती घोणस अळी उसावर आणि बांधाच्या गवतावर दिसली आणि मोबाइलवर सुरू झालं, चावली की माणूस मरतो. आमच्याकडे बाया आठ दिवस खुरपायला येईनात. मला लागलीय ती, मनगटावर. विजेचा झटका बसावा तशी कळ, मग आग आग. ती चावत नाही, अंगावरचे बारीक काटे टोचतात. चिकटपट्टी लावून ओढली, काटे निघाले, बर्फ धरला, संध्याकाळपर्यंत उतरलं. कुणाला धाप लागली, अंगावर गांधी उठल्या तर मात्र थेट दवाखाना गाठा. अंगावरची नक्षी घोणसासारखी, म्हणून हे नाव पडलं. सापाशी काही संबंध नाही. दुसरं साधं नाव असतं तर एवढी घबराट झाली नसती, असं मला आजही वाटतं.

पागोळी:
बापरे. आता बरं आहे ना मनगट?

बांधावरून:
हो हो, तेव्हाच बरं झालं. डागसुद्धा नाही.

जाईचामांडव:
माझ्याकडून पाप झालंय. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण पडला होता. रोज सकाळी ब्रश घेऊन बसायचे. त्यात काही जरा मोठे होते, पांढऱ्या मेणाच्या लांब लांब झिपऱ्या असलेले आणि भराभर चालणारे. ते आधी चिरडले, म्हटलं हेच म्होरके. दोन आठवड्यांनी ढेकूण दुप्पट! मग एका शेतीवाल्या दादांनी सांगितलं, ताई, त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या, पिठ्या ढेकूण खाणाऱ्या. दिसतात अगदी त्यांच्यासारख्याच. ढेकूण जागेवरून फारसा हलत नाही, अळी चालते, हीच खूण. आता पांढरं काही चालताना दिसलं की हात मागे घेते.

निवांत:
@जाईचामांडव, कळत नव्हतं तेव्हा झालं, मनाला लावून घेऊ नका. आमच्या घरी तर नावावरूनच आठवडा गेला. हे अकोल्याकडचे, मी कोल्हापूरची. हे म्हणे कुंडीत उन्नी झालीय, मी म्हणे हुमणी. दोघं दोन दुकानांत विचारून आलो. अळी एकच! पांढरी, तपकिरी डोक्याची, चंद्रकोरीसारखी वाकलेली. शेणखत नीट कुजलेलं नव्हतं, त्यातून आली.

भातखाचर:
ढालकिड्यांवरून एक सांगतो, सगळे ठिपकेवाले मित्र नसतात. वांग्यावर येतो त्याच्या पाठीवर २८ ठिपके असतात, आणि बारीक लव असते म्हणून तो चकाकत नाही. पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करून टाकतो. मावा खाणारे बहुतेक गुळगुळीत, चकचकीत. घराणं मात्र एकच.

कर्दळ:
जाळी??? माझ्या वांग्याची पानं अगदी तशीच झालीत. मी त्यांना मित्र समजून जपत होते! कुकर उतरवते आणि बघते.

मृगसर:
थोडं अवांतर. मृगाचा किडा कुणाला दिसला का यंदा? लाल मखमलीचा. बोट लावलं की पाय आत ओढून निपचित पडायचा. आम्ही काडेपेटीत ओली माती घालून ठेवायचो. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कोळी-गोचिडाच्या नात्यातला, हे पन्नाशीत कळलं.

बांधावरून:
माळावर होते, पहिल्या पावसानंतर दोन दिवस. पूर्वीइतके नाहीत.

पागोळी:
काडेपेटी म्हणालात आणि माझा सोनकिडा आठवला. रताळ्याच्या पानावर सोन्याची टिकली ठेवावी तसा. डबीत ठेवला, सकाळी मेला होता आणि सोनंही गेलं होतं, नुसता मळकट तपकिरी. खूप रडले. सोनपाखरू वेगळं बरं का, त्याचा हिरवा झगझगीतपणा मेल्यावरही जात नाही. आजोबांच्या पेटीत होते त्याचे पंख.

जाईचामांडव:
आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचो. आठवलं की आता कसंतरी होतं.

ओलीमाती:
किती छान लिहिताय सगळे. लेकीला वाचून दाखवतेय. ती विचारतेय, सोनकिडा आपल्याकडे येईल का? रताळ्याचा वेल लावू म्हणाले, रविवारी.

कर्दळ:
बघून आले. लव आहे. ठिपके मोजायला घेतले, चौदा झाले आणि टुपकन खाली पडला.