मदत हवी आहे : आईचा नेब्युलायझर अमेरिकेत चालेल का?

नमस्कार मंडळी,

ताईच्या बाळंतपणासाठी आई-बाबा पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला निघालेत, सहा महिन्यांसाठी. आईला दमा आहे. थंडीत रात्री-अपरात्री नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणारं मशीन) लावावा लागतो, आणि दोघं नेमके तिकडच्या हिवाळ्यात असणार.

मशीन टेबलावर ठेवायचं, कॉम्प्रेसरवालं आहे. बुडाशी लिहिलंय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आमच्या गल्लीतला इलेक्ट्रिकवाला म्हणतो, "अ‍ॅडाप्टर लावा, काही होत नाही." पण अ‍ॅडाप्टरनं फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज आहे तेवढंच राहतं. हे आम्ही सांगलीत भोगलंय. ताईनं तिकडून आणलेला हँड ब्लेंडर असाच अ‍ॅडाप्टरवर लावला होता, मिनिटभरात घरभर जळका वास! तो ब्लेंडर होता म्हणून ठीक. रात्री दोनला आईला धाप लागलीय आणि मशीन नुसतंच घुरघुरतंय, हे डोळ्यांसमोर आलं की मला झोप लागत नाही.

मोबाइलचे चार्जर आणि बाबांचा ट्रिमर यांच्यावर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ छापलंय, त्यांची काळजी नाही. मिक्सर न्यायचा नाही हेही ठरलं, ११० व्होल्टचे आपल्याकडच्यासारखे मिक्सर तिकडे मिळतात. (आईला ते पटलेलं नाही. लाडवांचा डिंक तिला स्वतःच्याच भांड्यात बारीक करायचाय.)

अडलंय ते नेब्युलायझरचं. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर १२० चे २३० व्होल्ट करेल, पण ६० हर्ट्झ ६०च राहणार. मग मोटर जास्त वेगानं फिरून तापेल का? असं मशीन कुणी तिकडे महिनोन् महिने वापरलंय का? कंपनीला दोनदा मेल केली, उत्तर नाही.

दुसरा पर्याय म्हणजे बॅटरीवर चालणारा, बारीक जाळीतून औषधाचे तुषार काढणारा छोटा नेब्युलायझर इथूनच घ्यायचा. पण आईला नेब्युलायझरमधून बुडेसोनाइड हे दम्याचं औषध द्यावं लागतं. ते पाण्यात पूर्ण विरघळत नाही, गढूळच असतं. जाळी तुंबते का? रोज वापरणाऱ्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

तिकडे नवीन घ्यायचा तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते, असं ताई म्हणते. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे चालते का?

१८ तारखेचं विमान आहे. त्याआधी मशीन आणून आईला घरी चार-पाच दिवस वापरून बघायचंय.