मदत हवी आहे: जामीनदाराचे निधन झाल्यास आरोपीला पुन्हा कोठडीत घेतात का?

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझ्या चुलत भावावर २०२३ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली गुन्हा नोंदवला गेला. दोषारोपपत्र त्याच वर्षी दाखल झाले आणि तालुका न्यायालयाने १५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः दिलेले हमीपत्र) व तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार या अटीवर त्याची सुटका केली. जामीनदार म्हणून आमचे मामा उभे राहिले. त्यांच्या शिधापत्रिकेच्या मागच्या पानावर न्यायालयाचा जांभळा शिक्का आणि खटल्याचा क्रमांक अजून आहे. मामांना जाऊन तीन महिने होत आले. नाव कमी करण्यासाठी मामींनी परवा ती शिधापत्रिका बाहेर काढली, तेव्हा कुठे हा विषय आमच्या ध्यानात आला.

दरम्यान दोन तारखा होऊन गेल्या. भाऊ दोन्ही वेळा हजर होता, परंतु मामांच्या निधनाची माहिती न्यायालयाला कोणीही दिलेली नाही. आमचे वकील म्हणतात, "विचारतील तेव्हा बघू." मला हे पटत नाही, कारण उद्या सरकारी पक्षाने ही बाब निदर्शनास आणली, तर आम्ही ती दडवली असेच दिसेल.

मी वाचले त्यानुसार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४७ प्रमाणे जामीनदार वारल्यास आरोपीने नवीन जामीनदार द्यावा असा आदेश न्यायालय देऊ शकते आणि तो न दिल्यास मूळ आदेशाचा भंग झाला असे धरून पुढील कारवाई करू शकते. जामीनदाराने हयातीत स्वतःहून जबाबदारीतून मोकळे होण्याचा अर्ज केला, तर मात्र कलम ४४४ खाली आरोपीला हजर करण्यासाठी थेट वॉरंट निघते. जामीनदार गेला की आरोपीला लगेच आत घेतात, अशी गावात जी भीती घातली जाते ती बहुधा या दुसऱ्या तरतुदीची असावी. कलम ४४६(४) नुसार मुचलका जप्त होण्यापूर्वीच जामीनदार वारला तर त्याच्या मालमत्तेवर जबाबदारी राहत नाही, त्यामुळे मामींची काळजी तरी मिटली.

अडचण नव्या जामीनदाराची आहे. काका तयार आहेत, पण सातबारा चार भावांच्या सामाईक नावावर असून इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, आणि तहसीलदारांकडून ऐपतीचा दाखला (जामिनाची रक्कम भरण्याइतकी मालमत्ता असल्याचे प्रमाणपत्र) पुढील तारखेपूर्वी मिळेल असे वाटत नाही. मेहुणे नाशिकला असतात व त्यांची जमीन निर्वेध आहे. मात्र बाहेरच्या जिल्ह्यातील जामीनदार चालणार नाही, असे न्यायालयातील लिपिकाने तोंडी सांगितले. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात नेमक्या याच कारणावरून जामीनदार नाकारण्याला सर्वोच्च न्यायालयाने गैर ठरवले होते, आणि त्याच न्यायालयाच्या जामिनाबाबतच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांतही स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका लांबते असे नमूद आहे. तालुक्याच्या ठिकाणी हे दाखले देऊन उपयोग होतो का, की न्यायाधीशांची नाराजी तेवढी ओढवते?

आमची तारीख तीन आठवड्यांवर आहे. मृत्यूचा दाखला जोडून आधीच अर्ज द्यावा, आणि काकांची कागदपत्रे होईपर्यंत कलम ४४५ प्रमाणे रोख रक्कम भरण्याची परवानगी व चार आठवड्यांची मुदत त्याच अर्जात मागावी, असा माझा विचार आहे. हे योग्य ठरेल का? अर्ज दिला त्याच दिवशी भावाला ताब्यात घेतल्याचा अनुभव कोणाला आहे का? शिवाय खटला १ जुलै २०२४ पूर्वीपासून प्रलंबित असल्याने अर्जावर जुने कलम ४४७ लिहावे, की त्या दिवसापासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९३? नव्या संहितेच्या कलम ५३१ वरून (प्रलंबित खटले जुन्या संहितेप्रमाणे चालवण्याची तरतूद) मला जुनेच योग्य वाटते, परंतु आमच्या न्यायालयातील छापील नमुन्यांवर आता फक्त नवी कलमे आहेत.