दीड टनाचा एसी आणि भिंतीवरचा भार

सचिव: सर्व सभासदांस नमस्कार. एसीचे बाहेरचे युनिट भिंतीवर बसवण्यासाठी ब विंगमधून तीन अर्ज आले आहेत. कोणाची हरकत असल्यास कृपया येथेच कळवावी.

अ-१०३: माझी हरकत नोंदवून घ्यावी. तिन्ही अर्जांत यंत्र दीड टनाचे असल्याचे लिहिले आहे. साडेचार टनांचे ओझे आपल्या जुन्या सज्जांना कसे पेलवणार, याचा विचार कोणी केला आहे का?

ब-४०२: काका, आपली काळजी रास्त आहे, परंतु या ठिकाणी टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. बाहेरचे युनिट साधारण तीस किलोच्या आसपास भरते. यंत्रे येण्यापूर्वी थंडावा बर्फानेच मिळत असे; म्हणून २,००० पौंडांचा, म्हणजे अमेरिकी एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात बाहेर टाकणारे यंत्र एक टनाचे, असे ठरले. एक पौंड बर्फ वितळण्यास १४४ बीटीयू (उष्णता मोजण्याचे ब्रिटिश एकक) लागतात. त्यावरून हिशेब केला की ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट येतात. बर्फ गेला, त्याचा टन मात्र राहिला.

अ-१०३: म्हणजे वजनाचा शब्द उगाच उष्णतेला चिकटवला म्हणायचा.

क-२०१: काका, तो मुळात वजनाचाही नव्हता. जुन्या इंग्रजीत ‘टन’ म्हणजे मोठे लाकडी पिंप. दारूच्या अशा एका पिंपात २५२ गॅलन, म्हणजे सुमारे ९५४ लिटर मावत, आणि भरलेल्या पिंपाचे वजन दोन हजार पौंडांच्या वर जाई. त्यावरूनच पुढे तो शब्द वजनाला लागला. पिंपाचे आणि वजनाचे स्पेलिंग निरनिराळे झाले ते बरेच नंतर. बोगद्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तोही फ्रेंचमधल्या याच पिंपाच्या नावावरून आलेला आहे, ही मला त्यातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

ब-१०४: मी जहाजावर नोकरी केली असल्याने थोडी भर घालतो. जहाजात किती पिंपे मावतील यावरून त्याचा आकार सांगत, आणि इंग्लंडमध्ये आयात दारूवर पिंपामागे करही असे. १८५४ च्या कायद्याने जहाजाच्या आतील १०० घनफूट जागेस एक टन धरले. सध्याचे ‘ग्रॉस टनेज’, म्हणजे जहाजाच्या आतील एकूण जागेचे माप, १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील सूत्राने काढतात, आणि तेही वजन नव्हे. त्यामुळे जहाजाच्या कागदावर टन दिसला की तो कोणता, हे आधी विचारावे लागते.

अ-१०३: मग उसाचा टन तरी वजनाचाच ना?

ब-४०२: तो १,००० किलोचा मेट्रिक टन. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,०१६ किलो, तर अमेरिकी ९०७ किलोचा. आपली खंडी तरी कुठे सगळीकडे सारखी होती?

अ-१०३: समजले. हरकत मागे घेतो. परंतु अर्जात टनांबरोबर युनिटचे वजन आणि लोखंडी ब्रॅकेटची क्षमता किलोमध्ये लिहावी, एवढे मात्र म्हणणे आहे.

सचिव: मान्य. अर्जाच्या नमुन्यात तसा रकाना आजच वाढवतो.