उबंटूवर स्क्विड लावलं, पण एचटीटीपीएसच्या साइट बंदच होऊन नाही राहिल्या

नंदनवन_अभ्यासिका:
नमस्कार मंडळी, नंदनवनला माझी छोटी अभ्यासिका आहे, १२ कॉम्प्युटर, एमपीएससी आन पोलीस भरतीवाली पोरं येतात. दोनचार जण सट्ट्याच्या साइटवर पैसे घालवून राहिले म्हणून जुन्या पीसीत दोन लॅन कार्ड टाकून उबंटू २२.०४ चढवलं. एका जुन्या लेखात पाहून डॅन्सगार्डियन (साइट गाळणारं सॉफ्टवेअर) टाकायला गेलो तर असं पॅकेजच नाही म्हणते, मग नुसतं स्क्विड (पीसी आन इंटरनेटच्या मधे बसणारा प्रॉक्सी सर्व्हर) टाकलं, आयपीटेबल्सनं (लिनक्सची फायरवॉल) साध्या एचटीटीपीचा पोर्ट ८० त्याच्याकडे वळवला, ब्लॉकलिस्ट दिली. आता साध्या एचटीटीपी साइट बंद होतात पण नेमक्या ज्या नको त्या सगळ्या एचटीटीपीएस. एका पोरानं मेसचे पैसे घालवले, त्याचे बाबा परवा येऊन समोर बसले, मला बोलताच आलं नाही. एचटीटीपीएसचा पोर्ट ४४३ पण वळवू का?

टर्मिनलवाला_महाल:
नका वळवू भाऊ, नुसतं वळवलं तर एकही साइट धड उघडणार नाही. डॅन्सगार्डियनचं काम केव्हाचंच थांबलं, त्याच्यातूनच पुढे ई२गार्डियन निघालं, पण तुम्हाला ते पण नाही लागत. ब्राउझरमधेच प्रॉक्सी म्हणून सर्व्हरचा आयपी आन पोर्ट ३१२८ टाका. मग ब्राउझर स्वतःच स्क्विडला कनेक्ट म्हणून साइटचं नाव सांगते, तेवढं नाव उघडं असते आन त्याच्यावर डीएसटीडोमेनचा (साइटच्या नावावरून अडवायचा) नियम लागतो. आतलं काही वाचावं लागत नाही. फक्त ३१२८ ला इंटरसेप्ट (वळवलेला ट्रॅफिक घ्यायची सेटिंग) लावलं असेल तर ते ३१२९ वर हलवा, एकाच पोर्टवर दोन्ही चालत नाही. आन आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड चेनमधे (पीसीवरून थेट बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचे नियम) ४४३ बंद करा, टीसीपी आन यूडीपी दोन्ही, नाहीतर पोरं प्रॉक्सी काढून थेट जातील.

धरमपेठ_नेट:
एसएसएल बंप करा ना, म्हणजे स्क्विडच एचटीटीपीएस उघडून वाचते, स्क्विड-ओपनएसएसएल टाकायचं, प्रत्येक पीसीत आपलं सर्टिफिकेट, मग पूर्ण यूआरएल दिसते.

टर्मिनलवाला_महाल:
दिसते, पण सगळंच दिसते. पोरं तिथूनच फॉर्मची फी भरतात, बँकेचा पासवर्ड तुमच्या सर्व्हरवर उघडा होईल. सट्टा बंद करायला कोणाचं पाकीट उघडायची गरज नाही, मी तरी हे कोणालाच सुचवणार नाही.

नंदनवन_अभ्यासिका:
प्रॉक्सी टाकली, ४४३ बंद केला, तरी सट्ट्याची साइट उघडूनच राहिली.

टर्मिनलवाला_महाल:
नियम कुठं लिहिला? स्क्विड वरून खाली वाचते, पहिला जुळला की थांबते. डिनायची (नाकारायची) ओळ लोकलनेटच्या (आपल्याच पीसींच्या) अलाउच्या वर पाहिजे. लिस्टमधे नावाच्या आधी टिंब द्या म्हणजे सबडोमेन पण येतात. मग स्क्विड -के पार्स करून फाइल तपासून पाहा, चूक नसेल तर -के रीकॉन्फिगर, म्हणजे नवे नियम लागतील.

नंदनवन_अभ्यासिका:
झालं भाऊ! डिनाय सगळ्यात खाली लिहिला होता मी. आता १२ ही पीसीवर पाहिलं, ब्राउझर म्हणते प्रॉक्सीनं कनेक्शन नाकारलं, आन अॅक्सेस लॉगमधे टीसीपी डिनाईड ४०३ येऊन राहिलं. स्क्विडचं एरर पान मात्र नाही दिसत, ते काहून?

टर्मिनलवाला_महाल:
एचटीटीपीएसला ते ब्राउझर दाखवतच नाही, स्वतःचाच मेसेज देते. तसंच राहू द्या, पण बंद काय काय आहे ते दारावर कागद लावून लिहा, पोरांना माहीत असू द्या. आन मोबाइल डेटावर यातलं काही चालत नाही, त्या पोराशी एकदा बसून बोला.