बागेचं कंत्राट सभेपुढे आणण्याआधी

इथे एकांनी लिहिलंय की सोसायटीच्या सभेला कोणी फिरकत नाही, पण बाग वाळली की सगळे बोलायला पुढे. पटतं. तरी माणसं का येत नाहीत हेही बघायला हवं. विषयपत्रिकेवर नुसतं 'बागेची देखभाल' लिहिलं तर कोणाला काय कळणार? सोबत कामाचं टिपण, आलेली दरपत्रकं आणि प्रत्येक घरावर पडणारी रक्कम जोडा, तीही सभेच्या आठवडाभर आधी.

खरी गोची कंत्राटात असते. 'हिरवळ नीट ठेवणे' एवढ्यावर कोणालाच जाब विचारता येत नाही. एका कापणीत गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, पाणी पहाटे द्यायचं, झाडाबुडी पालापाचोळ्याचं आच्छादन ५ ते ८ सेंटीमीटर, पण खोडापासून थोडं लांब, असं स्पष्ट लिहून घ्या. खोडाला टेकलेल्या ओल्या आच्छादनाने साल कुजते, आणि जुनं मोठं झाड गेलं तर ते पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून परत आणता येत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

कुंपणभिंत, पायवाटा, दिवे यांसाठी राखीव निधी वेगळा हवा. मासिक वर्गणीत ते भागत नाही.

आणि झाड छाटायचं की तोडायचं, हे एकट्या सचिवांनी ठरवू नये. आधी जाणकाराला झाड दाखवा, त्याचं मत इतिवृत्तात नोंदवा आणि मगच मतदान घ्या.